हत्यारांना सुट्टी

शाळेतल्या पोरी विचारतात, "मॅडम, तुम्ही कोणत्या खेळात होता?" मी म्हणते, चालण्याच्या. मग त्या एकमेकींकडे बघतात आणि हसू दाबतात. चालणं हा काय खेळ झाला? चालतात तर सगळेच. मी आता समजावण्याच्या फंदात पडत नाही. पूर्वी पडायची. पळायचं नसतं, एक पाय कायम जमिनीला टेकलेला लागतो, पुढचा गुडघा ताठ ठेवावा लागतो, कंबर डुलते, पंच कडेला उभे राहून पायांवर डोळे रोखून असतात आणि दोन्ही पाय हवेत दिसले की लाल कार्ड, असं सगळं सांगायची. ऐकणाऱ्याला त्यातलं कंबर डुलणं तेवढं लक्षात राहायचं. जाऊ द्या. चाळिशी उलटली, म्हणजे खेळाडूच्या हिशेबात मी म्हातारीच. गुडघे जिना बघून कुरकुरतात, सकाळी उठले की टाच जमिनीला लावायच्या आधी मनाची तयारी करावी लागते. खेळाडू म्हणजे काय, असं कुणी आज मला विचारलं तर मेडल, झेंडा, राष्ट्रगीत यातलं काही आठवत नाही. आठवतो तो थकवा. झोपून न जाणारा, जेवून न जाणारा, हाडात मुरलेला थकवा. आणि तो कुणाला सांगायचा नाही, हा त्यातला पहिला नियम.

आम्ही मूळचे मूर्तिजापूरकडचे. बाबा रेल्वेत चावीवाले होते. बदली होऊन जयपूरला आले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. सांगानेर स्टेशनाजवळ पिवळ्या रंगाची क्वार्टर्सची रांग होती, त्यातलं शेवटून दुसरं घर आमचं. चावीवाला म्हणजे कुलूप-किल्लीवाला नव्हे. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला ज्या लोखंडी चाव्यांनी पकडून ठेवलेले असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्याने सैल होतात. बाबांनी रोज सकाळी आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या रुळाच्या टप्प्यावर, पायी जायचं, एक रूळ बघत जायचं, दुसरा बघत यायचं, सैल चावी दिसली की हातोड्याने ठोकून बसवायची. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखोटीला गुंडाळलेल्या दोन झेंड्या, एक हिरवी आणि एक लाल. मी जागी व्हायची ती त्यांच्या हातोड्याच्या आवाजाने. लांबून यायचा, टण्ण, मग थोडी शांतता, मग पुन्हा टण्ण. चांगला रूळ वाजतो, बाबा म्हणायचे, आणि बिघडलेला बोलत नाही, नुसता धप करतो. त्या आवाजात मागच्या वस्तीतल्या छिप्यांचा आवाज मिसळायचा, लाकडी ठसे कापडावर मारण्याचा, ठप ठप ठप. वरून विमान गेलं की दोन्ही आवाज बुडायचे आणि आई हातातलं काम थांबवून वर बघायची. इतकी वर्षं राहिली, पण विमान बघायची तिची हौस फिटली नाही.

आईचं जयपूरशी कधी जमलं नाही. तिची तक्रार ज्वारीवरून सुरू व्हायची. "बाजरीच बाजरी! मानसानं खावं तं काय खावं?" म्हणायची, आणि त्याच बाजरीच्या अशा भाकरी थापायची की शेजारच्या शेखावत आंटी ताटली घेऊन दारात उभ्या. ज्वारी गावाकडून कुणी आलं तरच. ती आली की आठवडाभर घरात सण असायचा, भाकरी, ठेचा, पातळ झुणका. आई आमच्याशी वऱ्हाडीत बोलायची आणि आम्ही अर्धं उत्तर हिंदीत द्यायचो. "मतलब काय असते व मतलब?" ती डाफरायची. "सरळ सांग ना का भूक लागली." आज माझ्या मराठीत 'मतलब' आला की वर्गातल्या पोरी हसतात, आणि मला आईचा तो आवाज ऐकू येतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आम्ही तिथे गेलो त्याच्या दुसऱ्या थंडीत बाबांनी एक एक्सप्रेस थांबवली होती. थंडीत लोखंड आकसतं आणि रूळ तडकतो. बाबांना एका जागी हातोड्याचा आवाज बरोबर वाटला नाही. वाकून बघितलं तर केसाएवढी रेघ. समोरून गाडीची वेळ झालेली. बाबा लाल झेंडी पसरून गाडीच्या दिशेने धावत सुटले. गाडी थांबली. ड्रायव्हरने शिव्या घातल्या, खिडक्यांतून लोकांनी घातल्या, कुणाची कोर्टाची तारीख होती, कुणाची मुलाखत. मग साहेब आले, त्यांनी रेघ बघितली, रूळ बदलला. कागदावर काय लिहिलं गेलं? गाडी लेट. बस्स. संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, "थांबलेल्या गाडीतलं कोनीच म्हनत नाई का आपन वाचलो. सारे म्हनतात, लेट झालो." आई म्हणाली, "तुम्ही कायले मनाले लावून घेता?" बाबा म्हणाले, "मनाले नाई लावलं. सांगून राह्यलो." आम्हा पोरांना अक्षरं शिकवायच्या आधी त्यांनी एकच शिकवलं होतं. लाल झेंडी दिसली की आहे तिथे उभं राहायचं. का, कशाला, हे नंतर.

मी चालायला लागले ते बाबांच्या डब्यामुळे. शाळेत जायच्या आधी त्यांचा डबा बीटवर पोचवायचा आणि घंटेच्या आत परत यायचं. खडीवर पळता येत नाही, पाय मुरगळतो. म्हणून मी झपाझप चालायची. आमच्या शाळेतले खेळाचे माथुर सर स्कूटरवरून फाटकाशी थांबलेले असायचे, त्यांनी मला रोज बघितलं असणार. एक दिवस म्हणाले, "बेटा, ये जो तू चल रही है, इसका भी कॉम्पिटिशन होता है." मला वाटलं चेष्टा करताहेत. पण चेष्टा पुढे सुरू झाली, रस्त्यावर. विमानतळाच्या भिंतीलगतच्या रस्त्याने मी कंबर डुलवत निघाले की पोरं ओरडायची, "ऐ बतख! पानी में जा!" चहावाले, रिक्षावाले हसायचे, छापलेली कापडं वाळत घालणाऱ्या बायासुद्धा तोंडाला पदर लावायच्या. पहिल्या महिन्यात रोज रडायची. मग रडायलाही अंगात त्राण उरेना, तेव्हा सवय झाली. माझ्याबरोबर सुमन नावाची एक मुलगी असायची, तिचे वडील कागदाच्या कारखान्यात होते. ती मागे वळून शिव्या द्यायची, मी देत नव्हते. शिवीलाही दम लागतो आणि मला तो फेरीसाठी पुरवायचा असायचा.

बाबांनी मला कधी थांबवलं नाही, उलट त्यांनाच जास्त हौस. त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले. उन्हाळ्यात रूळ इतका तापायचा की बुटाच्या तळव्यातून चटका बसायचा, संध्याकाळी आई त्यांचे पाय कोमट पाण्यात धरायची आणि ते डोळे मिटून बसायचे. त्यांचं एकच स्वप्न होतं. पोरीला रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागावी, ऑफिसात, पंख्याखाली, खुर्चीवर. "बसून कराची नोकरी," ते म्हणायचे, आणि 'बसून' हा शब्द असा उच्चारायचे जसं दुसरं कुणी 'बंगला' म्हणेल. बसायची नोकरी मिळवायला पोरीला मैलोन् मैल चालावं लागत होतं, यातली गंमत त्यांच्याही लक्षात आली असेल. माथुर सरांनी सगळं उलगडून सांगितलं होतं. राज्याच्या निवड चाचणीत पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. तिथे नाव झालं तर नोकरीचं बोलावणं येतं. माझं ज्युनियर गटातलं ते शेवटचं वर्ष होतं. या वेळी नाही, तर नाही.

आणि त्याच भाद्रपदात माझी उजवी नडगी दुखायला लागली. आधी सरावानंतर, मग सरावात, मग नुसतं उभं राहिलं तरी. हाडावर एका जागी बोट ठेवलं की डोळ्यांत पाणी यायचं. मी कुणाला सांगितलं नाही. सरांना सांगितलं तर ते दुसरीला पुढे करतील, आईला सांगितलं तर ती जोडे लपवून ठेवेल. बाबांना तर कोणत्या तोंडाने सांगणार? रात्री पायाला फडकं घट्ट बांधायची आणि सकाळी सोडायची. खरं सांगू का, दुखण्यापेक्षा वाईट होतं ते थकणं. असं वाटायचं की कुणीतरी, कुणीही, एकदा येऊन म्हणावं, बस कर, झोप आता. पण ज्याच्याकडे सगळे आशेने बघतात त्याला झोप म्हणायला कुणी येत नाही. मी आज पोरींना शिकवते तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, चालीकडे बघते. तोंडं सगळ्यांची खोटं बोलतात.

चाचणी आली ती नेमकी खंडेनवमीला. आमच्याकडे नवमीला हत्यारांची पूजा. गावी आजोबांचे नांगर, विळे, कुऱ्हाड पाटावर यायचे, इथे बाबांची हत्यारं. आपली साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी यावी म्हणून बाबा मुकादमाला आधीपासून गळ घालायचे. हातोडा आणि पाना घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडायचे, शेजारी दोन्ही झेंड्या घडी घालून. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही आराम. दसऱ्याला सकाळी नमस्कार करून मगच उचलायची. मी चालायला लागल्यापासून आईने त्या पाटावर माझे जोडेही ठेवायला सुरुवात केली होती. चामड्याचे-रबराचे जोडे देवाच्या पाटावर, म्हणून शेखावत आंटींनी कानाला हात लावले, तर आई म्हणाली, "क्यों? ये भी तो हथियारच है ना."

त्या सकाळी मी आंघोळ करून आले तर पाट मांडून झाला होता आणि जोड्यांवर कुंकू लागलेलं. शेजारी आंटींकडे कन्यापूजनाची गडबड, छोट्या पोरींचे पाय धुणं चाललेलं, पुरी-हलव्याचा वास भिंतीवरून येत होता. मी वाकून जोडे उचलले.

"ठेव ते," आई म्हणाली. "आज हत्याराईले सुट्टी हाय."

"आई, चाचणी आहे. मतलब, आजच आहे. माझ्याकडे दुसरे जोडे कुठे आहेत?"

"मंग त्याइले सांग ना का उद्या ठेवा. दसऱ्याले ठेवा."

"माझ्यासाठी कोण ठेवणार उद्या?"

तिने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मग कुरकुरत म्हणाली, "बरं. जोडे नेतं तं पायाले तरी कुंकू लावून जा. बस." मला पाटाजवळ बसवून तिने पाण्याचा हात माझ्या पायावरून फिरवला, घोट्यापासून वर, आणि त्या जागेवर आली. मी पाय झटकन ओढून घेतला. तांब्या कलंडला.

"काऊन व? काय झालं पायाले?"

"काही नाही. गार लागलं."

"गार? पानी तं कोमट हाय." तिने पुन्हा हात लावला. सूज होती, आता लपण्यासारखी नव्हती. "ऐकलं का? इकडे या. पोरीचा पाय पाहा."

बाबा आले. दुखऱ्या गुडघ्याने हळूहळू खाली बसले, माझी नडगी मांडीवर घेतली आणि मधल्या बोटाच्या पेराने वरपासून टकटक करत खाली आले. रूळ तपासावा तसे, मान कलती करून. त्या जागी आले. मी ओठ दातांखाली धरला.

"दुखते?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही दुखत, बाबा. बस सुटेल माझी."

ते माझ्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, "तुम्ही काई बोलान का नाई?" बाबांनी पाय खाली ठेवला. "जा," म्हणाले. बाहेर सुमन हाका मारत होती. मी जोडे पिशवीत कोंबले आणि निघाले. मागून आईचा आवाज आला, "पोरीपेक्षा हातोडा बरा, त्याले एक दिवस तरी सुट्टी हाय." ते ती मला म्हणाली की बाबांना, कोण जाणे.

स्टेडियममध्ये ऊन चढायला लागलेलं. शर्यत सुरू झाली तेव्हा पहिल्या काही फेऱ्या पाय बधिर होता, मला वाटलं, देव पावला. पुढे चुरूची एक उंच मुलगी होती, तिला गाठणं शक्य नव्हतं, पण दुसरी मी होते आणि सुमन माझ्या मागे बरंच अंतर. दुसरी म्हणजे पुरे. अर्ध्यानंतर बधिरपणा गेला. मग प्रत्येक पावलाला हाडात कुणी खिळा ठोकतंय असं व्हायला लागलं. मी मोजणं सोडून दिलं. गुडघा ताठ, टाच खाली, गुडघा ताठ, टाच खाली, एवढंच मनात. माथुर सर कडेवरून ओरडत होते, "बस थोड़ा सा, बेटा! थोड़ा सा और!" ते थोडंसं संपतच नव्हतं. माझ्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज येत होता आणि तो मी करतेय हे मला उशिरा कळलं.

शेवटच्या फेऱ्या उरल्या होत्या. वळण घेऊन सरळ रेघेत आले आणि समोर बाबा. ट्रॅकवर, माझ्याच लेनमध्ये, सणाचा पांढरा शर्ट घातलेले, घामाने निथळत. दोन्ही हातांनी लाल झेंडी पसरून उभे.

पंच धावले. "ओ भाईसाहब! कौन है ये? हटाओ इसको!" बाबा हलले नाहीत. रुळावर उभे राहायचे तसे पाय रोवून उभे होते. माथुर सर जिवाच्या आकांताने ओरडले, "साइड से निकल! बेटा, साइड से निकल जा!"

निघता आलं असतं. ट्रॅक चांगला रुंद असतो. दोन पावलं उजवीकडे, की मी पार. पण माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. ज्या घरात लाल झेंडी ओलांडायची नसते त्या घरातले पाय ते. सुमन बाजूने गेली, जाताना तिने मान वळवून बघितलं, तिचा चेहरा रडवेला होता. झेंडीच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं आणि त्यात एक अक्षता चिकटलेली. पाटावरून उचलून आणली होती त्यांनी ती, त्या एका दिवशी, जेव्हा उचलायची नसते.

मी तिथेच खाली बसले. बाबांनी झेंडी गुंडाळली, काखोटीला मारली आणि माझ्या जोड्याची नाडी सोडायला लागले. सगळे त्यांच्यावर ओरडत होते, सर तर अक्षरशः कपाळ बडवून घेत होते. मीही ओरडले, सगळ्यांदेखत. "तुम्ही माझं वाटोळं केलं, बाबा! माझं वाटोळं केलं!"

"हाव," बाबा म्हणाले आणि दुसरी नाडी सोडली.

मला सायकलच्या कॅरियरवर बसवून त्यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरला. हाडात केसाएवढी रेघ. बाबांनी चष्मा सावरून ती बघितली. मी डॉक्टरांना विचारलं, "शर्यत पूर्ण केली असती तर?" ते म्हणाले, "टूट भी सकती थी. नहीं भी टूटती. कौन कह सकता है?" त्या 'नहीं भी' ने माझी कित्येक वर्षं खाल्ली. दुसऱ्या दिवशी दसरा. जयपुरात आपटा मिळत नाही, म्हणून बाबा कचनाराची पानं आणायचे, दिसतात आपट्यासारखीच. त्यांनी पान माझ्या हातावर ठेवलं. मी ते प्लास्टरवर पडू दिलं, उचललं नाही. आई सांगत होती की मी गेल्यावर ते पाटासमोर बसून राहिले, बोटाच्या पेराने पाटावर टकटक करत, पुन्हा पुन्हा, मग एकदम उठले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सुमन राष्ट्रीयला गेली. तिला नोकरी लागली, ऑफिसात, पंख्याखाली. चांगली पोर, पहिल्या पगाराची मिठाई घेऊन आमच्याकडे आली होती. मी हाड जुळल्यावर पुन्हा उतरले, पण ती धार गेली ती गेलीच. हळूहळू खेळाचं शिक्षण घेतलं, बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही इकडे परत आलो, अमरावतीच्या शाळेत लागले. दिवसभर मैदानावर उभी असते. बसायची नोकरी काही नशिबात नव्हती.

बाबांशी मी बरीच वर्षं तुटक बोलायची. भांडण नाही, पण कामापुरतं. आणि त्याचं कारण लोकांना वाटायचं ते नव्हतं. मी रागावले होते म्हणून नव्हे. ती झेंडी दिसली तेव्हा, ओरडण्याच्या आधी, खाली बसण्याच्याही आधी, माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं होतं ते 'सुटले' असं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी येऊन म्हटलं होतं, बस कर. मला तेच हवं होतं, आणि तेच मिळाल्यावर मी त्यांना सगळ्या गावासमोर बोलले. हे कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून बोलणंच टाळत गेले.

गेल्या खंडेनवमीला मी मूर्तिजापूरला होते. हत्यारं निवृत्तीच्या वेळी रेल्वेत जमा झाली, आता पाटावर आईची विळी असते आणि माझी शिट्टी. बाबा बाजूला खुर्चीत बसले होते. हातोड्याने कान गेलेत, ओरडून बोलावं लागतं. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते, आणि का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"बाबा, त्या दिवशी थांबवलं ते बरं केलं."

"काय म्हनतं?"

"बरं केलं म्हटलं! थांबवलं ते! मी फार थकले होते, बाबा!"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग पाटाकडे, आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं, दात नसलेलं.

"लय लेट केली व गाडी," ते म्हणाले, आणि दुसरा पाय माझ्या मांडीवर ठेवला.